आधी तार जोडून बघा, मग टाकून द्या

मित्रांनो, आज एक मत मांडतो. पटलं तर ठेवा, नाही पटलं तर रविवारी वर्गात माझ्याशी भांडा.

मत असं आहे. एखादं जुनं यंत्र आपल्या लॅपटॉपशी बोलत नसेल, तर ते बिघडलंय असं लगेच म्हणू नये. आधी विचारावं, खरंच बिघडलंय, की आपल्यालाच त्याच्याशी बोलता येत नाहीये? आणि नवीन यंत्र घेतानाही एक प्रश्न विचारावा. यात मी जे साठवीन, ते उद्या मला बाहेर काढता येईल का?

हे मत मला मागच्या डिसेंबरात नाशिकला, आईबाबांच्या घरी सुचलं. त्यासाठी सुट्टीतले तीन दिवस गेले आणि अडीचशे रुपये वाया गेले.

वही आणि पिवळं यंत्र

माझे बाबा बँकेत नोकरीला होते. सहा दिवस बँक आणि रविवारी गड. हरिहर, धोडप, रामशेज, साल्हेर हे सगळे गड त्यांनी पुन्हा पुन्हा केले. साल्हेर हा महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला, १,५६७ मीटर. बाबा आता ७१ वर्षांचे आहेत आणि गुडघे साथ देत नाहीत. पण त्यांच्याकडे एक वही आहे. तिच्यात त्यांनी गडांवरच्या पाण्याच्या टाक्यांची माहिती लिहून ठेवली आहे.

टाकं म्हणजे गडावरच्या कातळात खोदलेला पाण्याचा हौद. जुन्या काळी गडावर राहणारी माणसं याच पाण्यावर जगायची. एका गडावर अशी अनेक टाकी असतात. पण सगळ्यांत बारा महिने पाणी नसतं, आणि असतं तेही सगळं पिण्यासारखं नसतं. एप्रिलमध्ये भर दुपारी बाटली रिकामी झाली, की कुठल्या टाक्यात पाणी आहे हे माहीत असणं फार मोठी गोष्ट असते.

वहीत नोंदी अशा आहेत. 'क्र. ७ : एप्रिलमध्येही पाणी. गाळून प्यावे.' 'क्र. ३१ : पाणी हिरवे. फक्त हातपाय धुवायला.' वाचायला छान. पण सात नंबरचं टाकं कुठल्या गडावर आणि कुठल्या बाजूला? ते वहीत कुठेच नव्हतं. बाबांनी जागा लिहिलीच नव्हती, कारण जागा यंत्रात होती.

ते यंत्र म्हणजे गार्मिन कंपनीचं ईट्रेक्स. पिवळ्या रंगाचं, मुठीत मावणारं, दोन पेन्सिल सेलवर चालणारं. माझ्या मामाने २००३ साली अमेरिकेहून आणलं होतं. ते उपग्रहांचे संदेश ऐकतं आणि आपण कुठे आहोत ते सांगतं. याला जीपीएस म्हणतात, हे तुम्हाला माहीत आहेच. पण हे माहीत आहे का, की मे २०००पर्यंत सामान्य लोकांना मिळणाऱ्या जीपीएसमध्ये अमेरिकेने मुद्दाम चूक ठेवली होती? जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. ती चूक काढून टाकल्यावरच असं छोटं यंत्र गडावर खरं उपयोगी पडू लागलं. मग बाबा प्रत्येक टाक्यापाशी उभे राहून बटण दाबायचे, जागा साठवायचे आणि तिचा नंबर वहीत लिहायचे.

म्हणजे अर्धी माहिती वहीत, अर्धी यंत्रात. आणि यंत्राच्या पडद्याचा खालचा अर्धा भाग काळा पडला होता.

कॉलनीतली चार-पाच मुलं दर महिन्याला ट्रेकला जातात. त्यांनी बाबांकडे टाक्यांची यादी मागितली होती. बाबांनी त्यांना यंत्र दाखवलं. एक मुलगा म्हणाला, "काका, हे बिघडलंय. टाकून द्या. आता फोनमध्ये सगळं असतं."

बाबा त्याला काही बोलले नाहीत. मी घरी पोचलो, तर चहाच्या आधी यंत्र माझ्या हातात आलं. "तू कॉम्प्युटरवाला ना? बघ जरा."

सिरियल म्हणजे काय?

यंत्राबरोबर एक काळी केबल होती. तिचं एक टोक यंत्राच्या पाठीत बसतं. दुसऱ्या टोकाला नऊ भोकांचा, चपटा, मोठा कनेक्टर आहे. माझ्या लॅपटॉपला असं काही लावायला जागाच नाही. त्याला फक्त यूएसबी आहे.

मी मराठी शाळेत शिकलो. लहानपणी 'सिरियल' म्हणजे टीव्हीवरची मालिका, एवढंच मला माहीत होतं. पुढे कॉलेजात कॉम्प्युटरच्या मागे 'सिरियल पोर्ट' बघितला, तेव्हा कळलं की शब्द तोच आहे. मालिका म्हणजे एकामागून एक. गडाच्या अरुंद पायवाटेवर आपण कसे एकामागे एक चालतो, तशी या तारेतून माहिती जाते. एका वेळी एक बिट, म्हणजे एक शून्य किंवा एक एकचा आकडा.

या तारेच्या नियमाचं नाव आरएस-२३२. तो अमेरिकेत १९६० साली ठरला. बाबा तेव्हा जेमतेम पहिली-दुसरीत असतील. नियम साधा आहे. कामापुरतं बोलायला तीन तारा पुरतात. एक बोलायची, एक ऐकायची आणि तिसरी दोघांची सामाईक, तिला ग्राउंड म्हणतात. तारेवर उणे ३ ते उणे १५ व्होल्ट असतील तर तो '१', आणि अधिक ३ ते अधिक १५ असतील तर तो '०'. उलटं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण सगळ्यांनी तेच मान्य केलं, म्हणून चालतं.

एक गोष्ट मात्र दोन्ही बाजूंनी आधीच ठरवावी लागते, ती म्हणजे वेग. समजा वेग ठरला सेकंदाला ९,६०० बिट. एका अक्षराचे ८ बिट, सुरुवात सांगायला १ आणि शेवट सांगायला १, असे मिळून १० होतात. म्हणजे सेकंदाला ९६० इंग्रजी अक्षरं. आपली देवनागरी आजच्या कॉम्प्युटरमध्ये जास्त जागा घेते. 'पाणी' या शब्दात प, काना, ण आणि दुसरी वेलांटी अशी चार चिन्हं आहेत, आणि प्रत्येकाला सहसा तीन बाइट लागतात. एकूण बारा. तरीही या जुन्या तारेतून सेकंदाला ८० वेळा 'पाणी' जाऊ शकतं. तहानलेल्या माणसाला पुरेसं आहे.

मग हा पोर्ट गेला कुठे? १९९६ साली यूएसबी आलं. ते वेगवान होतं, छोटं होतं आणि त्यातून यंत्राला वीजही मिळायची. १९९८ साली आलेल्या पहिल्या आयमॅकमध्ये जुना सिरियल पोर्ट नव्हताच. हळूहळू तो बहुतेक सगळ्या लॅपटॉपवरून गेला. आता दोघांना एकमेकांशी बोलायचं असेल तर मध्ये दुभाषी लागतो. यूएसबी ते सिरियल अडॅप्टर म्हणजे तो दुभाषी. त्याच्या पोटात एक छोटी चिप असते. ती एका बाजूला यूएसबी बोलते आणि दुसऱ्या बाजूला आरएस-२३२.

तीन दिवस, तीन अडचणी

पहिल्या दिवशी मी बाजारातून अडीचशे रुपयांचा अडॅप्टर आणला. लॅपटॉपला लावला, तर त्याच्या नावापुढे पिवळा त्रिकोण. म्हणजे चिप दिसतेय, पण चालत नाही. अशा स्वस्त अडॅप्टरमध्ये कधी कधी चिपची नक्कल बसवलेली असते. मूळ कंपनीचा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा प्रोग्राम, नक्कल ओळखतो आणि काम करायला नकार देतो. माझं तेच झालं. दोष बाबांच्या यंत्राचा नव्हताच.

संध्याकाळी आतेभाऊ आला. तो अंबडच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये काम करतो. म्हणाला, "अरे, आमच्या सीएनसी मशीनला रोज याच तारेतून प्रोग्राम जातो. माझ्याकडचा घेऊन जा. पण परवा परत पाहिजे, नाहीतर साहेब मला ठेवणार नाही." मला गंमत वाटली. ज्याला आपण म्युझियममधली वस्तू समजतो, त्याच्यावर तिथे रोज लोखंड कापलं जात होतं.

दुसऱ्या दिवशी त्याचा अडॅप्टर लावला. त्रिकोण गेला. बाबांचं यंत्र चालू केलं आणि लॅपटॉपवरचा माउसचा बाण आपोआप उड्या मारायला लागला. खिडक्या उघडत होत्या, बंद होत होत्या. बाबा मागे सरकले. "अरे, यात भूतबीत आहे का?"

भूत नव्हतं. गैरसमज होता. २००७ साली बाबांच्या ग्रुपमधल्या कुणीतरी यंत्राची भाषा बदलून ठेवली होती. त्या भाषेचं नाव एनएमईए. त्या भाषेत यंत्र सतत 'मी इथे आहे, मी इथे आहे' असं सांगत राहतं. विंडोजने ती बडबड ऐकली आणि तिला वाटलं, हा कुठलातरी जुना सिरियल माउस हलतोय. हा घोटाळा नवा नाही, जगभर अनेकांनी तो अनुभवला आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन तो खोटा माउस मी बंद केला. मग आधी अडॅप्टर लावायचा आणि नंतर यंत्र चालू करायचं, असा क्रम ठेवला.

पण खरी अडचण पुढेच होती. साठवलेल्या जागा यंत्र फक्त स्वतःच्या भाषेत देतं. ती भाषा मेनूमध्ये जाऊन निवडायची असते, आणि मेनू अर्धा काळा. शिवाय अशा यंत्रात ठरावीक बटणं एकदम दाबली, की सगळी माहिती पुसली जाते. बाबा मला दहा वेळा म्हणाले, "एक वेळ निघालं नाही तरी चालेल. पण पुसू नकोस." त्यांच्या आवाजावरून मला कळलं की ते चेष्टा करत नाहीयेत.

शेवटी बाबांनी कपाटातून एक प्लास्टिकची पिशवी काढली. आत यंत्राचं मॅन्युअल होतं, खोक्यासकट. बाबा मोठ्याने वाचत होते आणि मी बटणं मोजत होतो. "आता खाली. अजून एकदा. आता दाब." आम्ही दोघं जवळजवळ अंधारातच चाललो होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉपवर जीपीएसबेबल नावाचा प्रोग्राम घेतला. तो फुकट आहे आणि तो वेगवेगळ्या जीपीएस यंत्रांच्या भाषा जाणतो. अडॅप्टरला लॅपटॉपने 'कॉम ७' असा नंबर दिला होता. तो नंबर प्रोग्रामला सांगितला आणि एंटर दाबलं. मिनिटभरसुद्धा लागलं नाही. २१२ जागा बाहेर आल्या.

त्या यंत्राला मराठी येत नव्हती. नावाला फक्त सहा इंग्रजी अक्षरं. म्हणून बाबांनी 'पी' लिहून पुढे आकडा टाकला होता. नकाशावर मी 'पी ७' शोधलं. ते धोडपवर निघालं.

बाबा बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. दोन दिवस ते मला ठामपणे सांगत होते, की सात नंबर साल्हेरवर आहे.

माझं मत

आता मूळ मुद्द्यावर येतो. वीस वर्षांपूर्वीच्या यंत्रातून आजच्या लॅपटॉपवर माहिती आली कशी? मी हुशार आहे म्हणून नाही. दोन गोष्टींमुळे. एक, आरएस-२३२चा नियम सगळ्यांसाठी उघडा आहे, म्हणून आजही कुणीही दुभाषी चिप बनवू शकतं. दुसरी, यंत्र बनवणाऱ्या कंपनीने आपल्या यंत्राची भाषा लिहून जाहीर केली होती, म्हणून जीपीएसबेबल लिहिणाऱ्यांना ती शिकता आली. यातली एक जरी गोष्ट नसती, तरी सात नंबरचं टाकं कायमचं हरवलं असतं.

तो कॉलनीतला मुलगा म्हणाला तसं तुम्हीही म्हणाल, आता फोनमध्ये सगळं असतं. खरं आहे. फोनचं जीपीएस चांगलं आहे, पडदा मोठा आहे, मराठीही लिहिता येतं. पण माझीच गोष्ट ऐका. २०१३ साली मी पळायला सुरुवात केली. फोनवरच्या एका ॲपमध्ये तीन वर्षं रोजची नोंद ठेवली. मग ती सेवा बंद झाली. तशी ईमेल आली होती, पण मी वाचली नाही. नंतर बघायला गेलो तर काहीच शिल्लक नव्हतं. चूक माझीही होती. पण ती माहिती माझ्याकडे कधी नव्हतीच, ती दुसऱ्याच्या घरी ठेवलेली होती. बाबांचं यंत्र अर्धं आंधळं झालं तरी माहिती त्यांच्याच कपाटात राहिली. ती काढायला कुणाची परवानगी लागली नाही, पासवर्ड लागला नाही. फक्त तार लागली.

जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणत नाही. पासवर्ड नाही याचा दुसरा अर्थ असा, की ज्याच्या हातात केबल आहे तो कुणीही माहिती काढू शकतो. ही यंत्रं हळू असतात, जागा कमी असते, आणि केबल हरवली तर ती मिळणं कठीण. प्रत्येक डबा जपून ठेवा, असंही मी म्हणणार नाही. आईने घरातला कचरा काढायला सांगितला तर माझं नाव पुढे करू नका. मी एवढंच म्हणतो, की टाकण्याआधी त्यात काय आहे ते काढून घ्या. आणि काढता येत नाही असं ठरवण्याआधी चार प्रश्न विचारा. अडॅप्टर लॅपटॉपला नीट दिसतोय का? त्याला कॉम नंबर कुठला मिळालाय? दोन्हीकडचा वेग सारखा आहे का? आणि दोघं एकच भाषा बोलतायत का?

इतकं करूनही यंत्र गप्प राहिलं, तर आणखी एक गोष्ट बघा. काही यंत्रांना उलटी केबल लागते, जिच्यात बोलायची आणि ऐकायची तार अदलाबदल केलेली असते. नाहीतर दोघंही एकाच तारेवर बोलत राहतात आणि ऐकत कुणीच नाही. आमच्या घरात सण असतो तेव्हा असंच होतं. आणि एक सावधगिरीची गोष्ट. छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डांवरच्या पिनांवर ३.३ किंवा ५ व्होल्टच असतात. त्यांना हा नऊ पिनांचा अडॅप्टर थेट लावला तर बोर्ड जळू शकतो. मोठ्यांना विचारून करा.

तुमच्यापैकी काहीजण पुढे स्वतः यंत्रं किंवा ॲप बनवाल. तेव्हा बाबांची वही आठवा. वापरणाऱ्याला त्याची माहिती बाहेर नेता येईल अशी एक वाट ठेवा, आणि ती वाट कशी आहे ते साध्या शब्दांत लिहून ठेवा. वीस वर्षांनी कुणीतरी तुमचे आभार मानेल.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ती फाइल कॉलनीतल्या मुलांना पाठवली. आतेभावाचा अडॅप्टर वेळेत परत केला, त्याची नोकरी शाबूत आहे. मग बाबांना विचारलं, "तुमच्या फोनमध्येही टाकून देऊ का?"

बाबा म्हणाले, "फोनमध्ये टाक. पण आधी कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आण. वहीत चिकटवतो. कागदाला अडॅप्टर लागत नाही."

मी तीन प्रती काढून आणल्या.